पाचाच्या भोवती

कडुबा दाभाडे यांनी वाचला नाही असा कागद बजाजनगरात सापडणं अवघड होतं. भजी खाऊन झाली की तेलकट कागद सरळ करून ते वाचत. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत वाचत. बसचं तिकीटही मागून-पुढून वाचल्याशिवाय टाकत नसत. अपवाद एकच होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मध्येच एक चौकट उगवते आणि इंग्रजीत काहीतरी विचारते, ती त्यांनी कधी वाचली नव्हती. ती दिसली की साहेब अचानक वर्ग तपासायला आल्यासारखं त्यांना धस्स व्हायचं. मग साहेबांपुढे जे जन्मभर केलं तेच ते करत. हो म्हणून मान हलवत आणि एंटर दाबत. विचारलेलं चौकटीबरोबर नाहीसं होई आणि त्यांचा जीव भांड्यात पडे.

नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. खुलताबादच्या शाळेत त्यांनी चित्रकला शिकवण्यात उमर घालवली. जनगणनेला कोण जाईल, तर दाभाडे सर. मतदानाच्या खोलीत कोण बसेल, दाभाडे सर. कुणाच्या लग्नात भिंतीवर मोर काढायचे असले तरी सरच. सर हो म्हणत आणि घरी येऊन, आपण हो का म्हणालो याचा विचार करत बसत.

निवृत्तीनंतर ते बजाजनगरला राहायला आले आणि थोड्याच दिवसांत त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, जीवाला धोका नाही, पण हे जाणारही नाही. गोळ्यांनी थरथर जरा कमी झाली, इतकंच. कडुबांनी चित्रं काढणं बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणत, आता कंटाळा आला. चहा समोर आला की म्हणत, अर्धाच द्या, पित्त होतं. खरं कारण असं की भरला कप त्यांच्या हातात बशीवर वाजायचा आणि माणसं बोलणं थांबवून त्या आवाजाकडे बघायची.

त्यांची भाची मेघा आणि तिचा नवरा सुयश यांचं बजाजनगरात कटिंगचं दुकान होतं. मागच्या शेडमध्ये मशीन. लाकडाची किंवा प्लायची फळी त्यावर ठेवायची, कॉम्प्युटरमधून चित्र सोडायचं, की मशीनचं टोक त्या चित्रावरून फिरत फळी कापत जायचं. देवघराच्या जाळ्या, खिडक्यांच्या जाळ्या, दारावरच्या नावाच्या पाट्या, सगळं तिथं व्हायचं. मशीन सुयश बघायचा, चित्रं मेघा करायची. पाट्यांवरची अक्षरं टाइप करायला तिनं मामांना बसवलं होतं.

"तुमच्याइतकं शुद्ध मला येत नाय, मामा," असं ती म्हणाली होती. कडुबांना मात्र वाटायचं, आपल्याला कुठंतरी बसवायचं म्हणून पोरीनं ही खुर्ची शोधलीय. ही शंका ते खुर्चीवरच्या उशीसारखी रोज पाठीशी घेऊन बसत.

टायपिंग त्यांना जमायचं. बोट थरथरलं तरी बटण एकतर दाबलं जातं, नाहीतर नाही. माऊसचं तसं नव्हतं. त्यावर हात ठेवला की पडद्यावरचा बाण तापल्या तव्यावर पडलेल्या मुंगीसारखा सैरावैरा धावायचा. म्हणून ते माऊस कीबोर्डच्या मागे सारून ठेवत. नाव टाइप करून ते उठत, पुढचं सगळं मेघा करी. दुकानाचा हाच रिवाज पडला होता आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं.

एके दिवशी खुलताबादहून नईम आला. कधीकाळी तो सरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. आता दर्ग्याच्या रस्त्याला त्याचं अत्तराचं आणि फुलांच्या चादरींचं दुकान होतं. त्यानं खांद्यावरची गोणी जपून खाली ठेवली आणि तिच्यातून लाकडाचे तुकडे काढून टेबलावर मांडले. त्याच्या घराच्या ओसरीला एक जुनी सागवानी जाळी होती. ती वाळवीनं आतून पोखरली आणि रंगाऱ्यानं शिडी टेकवताच कोसळली. आता तशीच दुसरी पाहिजे होती.

तुकडे बघताच कडुबांनी चष्मा पुसला. ही जाळी ते ओळखत होते. वर्गातल्या पोरांना घेऊन ते त्या गल्लीत बसले होते आणि ओसरीकडे बघून सगळ्यांनी वहीत ती काढली होती. एक सरळ चौकोन, त्यावर कोनावर उभा केलेला दुसरा चौकोन, दोघांची मिळून आठ टोकांची चांदणी. अशा चांदण्या एकमेकींना टोकं लावून ओळीनं उभ्या.

मेघानं मोबाईलवर तयार नक्ष्या दाखवल्या. नईमनं दोन-चार बघितल्या आणि नाही म्हणून मान हलवली. त्याच्या आईला आता दिसत नव्हतं. दुपारभर ती त्या जाळीला टेकून बसायची, बोटं जाळीच्या भोकांत घालून. गल्लीतून कोण गेलं ते तिला पावलांवरून कळायचं. दुसरी कुठली नक्षी लावली तर बोट लावताच तिला कळणार होतं.

"अम्मा म्हणली, मास्टरकडं दे. मास्टरनं काढली तर तीच होईल," नईम म्हणाला. "सर, काढाल ना?"

कडुबांनी उजवा हात टेबलाखाली नेला आणि हो म्हणून मान हलवली.

नईम गेल्यावर मेघानं त्यांच्याकडे एकदाच बघितलं. मग ती म्हणाली की तुकड्यांचा फोटो टाकून कॉम्प्युटरकडूनच रेघा ओढून घेऊ. तसं केलंही. पण कॉम्प्युटरला चांदणी आणि वाळवी यांतला फरक कळेना. वाळवीनं खाल्लेला प्रत्येक दात त्यानं नक्षी समजून इमानानं काढून ठेवला. मेघाला हसू आलं. मग तिनं मोठा श्वास घेतला, कारण पुढे कामांचा ढीग होता. ती म्हणाली, बघू, पुण्याच्या एका डिझाइनरला पाठवू, तो करील जमेल तसं.

जमेल तसं हे शब्द कडुबांच्या मनातून जाईनात. घरी त्यांनी पट्टी आणि पेन्सिल काढली. दार लावून घेतलं. पट्टी डाव्या हातानं दाबून धरली, पण डावाही आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. पट्टी हलायची, पेन्सिल तिच्यावरून उतरायची. चौकोनाच्या बाजू पाण्यात पडल्यासारख्या दिसत होत्या. त्यांनी तो कागद घडी करून भगवान बुद्धांच्या तसबिरीमागे खोचला, मग तिथून काढून फाडून टाकला. आता नईमला फोन करून सांगावं लागणार होतं की माझ्यानं होत नाही. हे वाक्य ते मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते, पण तोंडातून निघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेघा गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेली होती. शेडमध्ये मशीन घरघरत होतं. कडुबा एका दवाखान्याची पाटी टाइप करत होते. दुकानातला मराठी फॉन्ट जुना होता. त्यातली काही जोडाक्षरं नुसत्या बटणांनी येत नसत. त्यासाठी डाव्या हातानं ऑल्टचं बटण दाबून धरायचं आणि उजव्या हातानं, कीबोर्डच्या उजव्या बाजूला आकड्यांची जी वेगळी चौकट असते, तिच्यावर त्या अक्षराचा आकडा ठोकायचा. असे सगळे आकडे कडुबांना पाठ होते. त्या दिवशी मन जाग्यावर नव्हतं. डाव्या हाताची करंगळी शिफ्टवर राहिली, अंगठा ऑल्टवर गेला आणि उजव्या हाताचं बोट सातावर पडायच्या ऐवजी थरथरत वरच्या ओळीतल्या नम लॉक नावाच्या बटणावर पडलं.

कॉम्प्युटर कधी नव्हे तसा गुणगुणला. चौकट उगवली. कडुबांनी मान हलवून एंटर दाबलं.

मग त्यांनी नीट बघून सात दाबला. अक्षर उमटलं नाही. पुन्हा दाबला. पडद्यावर काहीतरी हललं. ते चष्मा वर करून जवळून बघायला लागले. बाण होता. तो मघाच्या जागेपासून किंचित सरकला होता, डावीकडे वर, कोनात. माऊस तर कीबोर्डच्या मागे पडलेला. त्याला कुणी शिवलंही नव्हतं.

पहिला विचार आला तो असा की आपण कॉम्प्युटर बिघडवला. त्यांनी शेडकडे बघितलं. सुयश पाठमोरा होता. दुसरा विचार असा आला की आठ दाबला तर काय होईल.

आठ दाबल्यावर बाण सरळ वर गेला. दोन दाबल्यावर खाली आला. चार डावीकडे, सहा उजवीकडे. नऊ, एक, तीन कोनाकोनांत. कडुबांचा चेहरा फळ्यावर पहिल्यांदा रंगीत खडू बघणाऱ्या पोरासारखा झाला. बोट थरथरत होतं, पण ती थरथर बटणाच्या वरच राहत होती, खाली पडद्यात उतरत नव्हती. एकदा दाबलं की बाण एक चिमूटभर सरके आणि तिथंच थांबून राही. बोट दाबून ठेवलं तर मात्र तो आधी हळू, मग वेगानं पळत सुटे. कधी बोट चुकून दोनदा आपटलं तर समोरचं बटण एकदा दाबायचं, की तो मुकाट्यानं एक चिमूट मागे येई. माणसाचा इतका धीर धरणारी वस्तू त्यांनी बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती.

मधल्या पाचाला काय काम असेल? त्यांनी बाण हळूहळू पडद्याच्या कडेला नेला. तिथं मेघा रेघ काढायचं अवजार निवडते ते चित्र होतं. त्यावर बाण उभा करून त्यांनी पाच दाबला. टिच. अवजार निवडलं गेलं. म्हणजे पाच म्हणजे टिचकी. त्यांनी मोकळ्या जागी येऊन पाच दाबला, सहावर बोट ठोकत बाण थोडा उजवीकडे नेला, पुन्हा पाच दाबला.

पडद्यावर रेघ उभी राहिली. सरळ. पट्टीनं मारल्यासारखी.

कडुबा उठले, माठातलं पाणी प्यायले आणि परत येऊन त्या रेघेकडे बघत बसले.

मग त्यांचं लक्ष आकड्यांच्या चौकटीकडे गेलं. मध्ये पाच, भोवती आठ बटणं, आठ दिशा. शेजारी टेबलावर नईमच्या जाळीचा तुकडा पडला होता. मध्ये भोक, भोवती आठ टोकं. त्या जाळीत एकही रेघ अशी नव्हती जी या आठ दिशा सोडून जात होती. ते एकदा तुकड्याकडे बघत, एकदा बटणांकडे. जाळी करणाऱ्या सुतारानं हे बटण बघितलं नव्हतं आणि बटण करणाऱ्यानं ती गल्ली बघितली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी तुकडा उचलून बटणांवर धरून बघितला.

त्या दिवसापासून कडुबा दुकानात लवकर यायला लागले. मेघा बाहेर गेली की ते पडद्याच्या कोपऱ्यातली आपली फाईल उघडत. पहिला चौकोन सहज झाला. दुसरा काही केल्या जुळेना. तेवढेच ठोके मारून तिरकी बाजू काढली की ती लांबच जायची. मग डोक्यात आलं, तिरकं पाऊल सरळ पावलापेक्षा लांबच पडणार. फळ्यावर चांदणी शिकवताना ते पोरांना सांगायचे की मध्यापासून सरळ दहा तर कोपऱ्याकडे चौदा. तो हिशेब लावला आणि दोन चौकोन एकमेकांत असे बसले, जणू आधीपासून तिथंच होते. शून्य दाबलं की बाण समोरची वस्तू पकडून ठेवतो आणि शेजारचं टिंब दाबलं की सोडतो, हाही शोध त्यांना असाच लागला. एकदा शून्यावर बोट आपटलं आणि अख्खा चौकोन बाणाबरोबर पडद्यावर हिंडायला लागला. तो कसा सोडवायचा ते कळेना, म्हणून त्यांनी भीत भीत एकेक बटण दाबून बघितलं होतं.

संध्याकाळी मात्र शंका यायची. याला चित्र काढणं म्हणायचं का? हातानं तर रेघ ओढलीच नाही, नुसतं बाणाला सांगितलं की इकडे जा, तिकडे जा. पुन्हा वाटे, पेन्सिललाही आपण दुसरं काय सांगत होतो.

एक अडचण होती. आकड्यांची बटणं आता बाण हलवत, म्हणून जोडाक्षरांचे आकडे उमटत नव्हते. ज्या पाट्यांत तसली अक्षरं नव्हती तेवढ्या कडुबांनी करून टाकल्या आणि बाकीच्या मागे सारल्या. मेघाला सांगावं तर ती दुरुस्ती करून घेणार. दुरुस्ती झाली की बाण मुका होणार आणि जाळी अर्ध्यावर राहणार. न सांगावं तर पोरीच्या गिऱ्हाइकांच्या पाट्या अडतात. कडुबा रोज सांगायचं ठरवून येत आणि रोज आणखी एक चांदणी काढून घरी जात.

शेवटी दवाखान्याच्या डॉक्टरांचा फोन आला. सुयश जेवताना म्हणाला, "मामा, ते डॉक्टर बिना नावाचेच बसलेत. पेशंट शेजारच्या पिठाच्या गिरणीत जायला लागलेत म्हणं."

मग कडुबांना अर्धं खरं सांगावं लागलं. म्हणाले, आकडे उमटत नाहीत. मेघा त्या दिवशी गुलमंडीच्या बाजारात चालली होती, येताना नवा कीबोर्ड घेऊन आली. तिनं जुना उपटून बाजूला ठेवला तेव्हा कडुबा खुर्चीतून अर्धे उठले. बाण हलवायचा गुण त्या जुन्या बटणांतच आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांनी विचारलं, "हा मी घरी नेऊ का?"

"बिघडलेला कीबोर्ड घेऊन काय करता, मामा?"

"असू दे," ते म्हणाले. डब्याच्या पिशवीत तो आडवा बसेना, म्हणून त्यांनी काखेत मारून नेला. घरी तो उलटा करून त्यामागची चिठ्ठी शेवटच्या आकड्यापर्यंत वाचली. तिच्यात बाणाबद्दल काही नव्हतं.

सकाळी ते जड पावलांनी दुकानात आले. नव्या कीबोर्डची बटणं कडक आणि चकचकीत होती. मन मानेना, म्हणून त्यांनी सहा दाबला. बाण उजवीकडे सरकला.

कडुबांना इतका आनंद झाला की त्यांनी सहाच दाबून ठेवला आणि बाण पडद्याच्या कडेला जाऊन आदळला. म्हणजे गुण बटणांचा नव्हता, पडद्यावर उगवलेल्या त्या चौकटीचा होता. तिनं काहीतरी विचारलं होतं आणि आपण हो म्हणालो होतो. भज्यांचे कागद वाचणाऱ्या माणसानं तेवढंच नेमकं वाचलं नव्हतं. काय विचारलं असेल? त्यांनी खूप आठवून बघितलं, पण आठवायला काही साठवलंच नव्हतं.

आकडे अजूनही उमटत नाहीत म्हटल्यावर मेघानं शिवमला बोलावलं. हा पोरगेलासा तरुण आसपासच्या सगळ्या दुकानांचे कॉम्प्युटर बघायचा आणि बोलता बोलता च्युइंगम चघळायचा. तो खुर्चीत बसला, दोन बटणं दाबून बघितली आणि हसला.

"काही बिघडलं नाय ताई. कुणीतरी माऊसचं काम आकड्यांना देऊन ठेवलंय. दोन मिनिटांचं काम."

त्यानं पडद्यावरच कुठल्या कुठल्या पायऱ्या उतरत एक पान उघडलं. तिथं एक बारीक खटका दिसत होता. त्यानं माऊस धरला आणि बाण त्या खटक्याकडे नेला. कडुबा त्याच्या पाठीमागे उभे होते. खटका पडला की संपलं. सगळ्या चांदण्या झाल्या होत्या, फक्त जाळीची खालची कड राहिली होती.

"नको," कडुबा म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की शिवमला ऐकू गेला नाही. मेघाला गेला. तिनं मामांच्या तोंडून हा शब्द आजवर ऐकला नव्हता. तिनं शिवमच्या खांद्यावर हात ठेवला.

"नको," कडुबा पुन्हा म्हणाले, या वेळी जरा मोठ्यानं. "ते बंद करू नको. मला लागतं."

"काय लागतं, मामा?"

सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं, आणि दाखवण्याइतकं अवघड दुसरं काही नव्हतं. शिवम उठला. कडुबा बसले. मशीन थांबवून सुयशही दारात येऊन उभा राहिला. इतक्या जणांच्या डोळ्यांपुढे उजवा हात टेबलाखालून वर आला आणि कधी थरथरला नव्हता इतका थरथरायला लागला. नवी बटणं त्याच्याखाली खडखडली. त्यांनी मनगट टेबलाच्या कडेवर टेकवलं, आठ दाबत बाण वर नेला आणि फाईल उघडली.

पडद्यावर जाळी आली. कडुबांनी मागे वळून बघितलं नाही. खालच्या कडेच्या सुरुवातीला बाण उभा केला, पाच दाबला. मग सहा, सहा, सहा. एकदा बोट दोनदा पडलं, बाण पुढे गेला. चार दाबून मागे आणला. पाच.

कड पूर्ण झाली.

"बिघाड लपवून ठेवला होय, मामा," मेघा म्हणाली. "आणि मला वाटलं, आता टायपिंगलाबी हात चालंना तुमचा. म्हणून पाट्या अडल्या. विचारायची हिंमतच व्हईना."

कडुबांनी चष्मा काढला. म्हणजे दोघंही एकाच हाताला भीत होते, आणि दोघंही गप्प.

शिवमचं च्युइंगम थांबलं होतं. तो वाकून बटणं बघत होता. म्हणाला की ही सोय प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असते, ज्यांचा हात माऊसवर चालत नाही त्यांच्यासाठीच केलेली. पण त्यानं स्वतः कधी कुणाला ती वापरताना बघितलं नव्हतं, दरवेळी बंदच करून दिली होती. मग त्यानं त्या पानावर दुसरी एक खूण बदलली आणि दाखवलं: नम लॉकचा दिवा लागलेला असला की आकडे उमटतील, दिवा विझवला की बाण हलेल. पाट्याही होतील आणि जाळ्याही. कडुबांना हे ऐकून हसावं की कपाळावर हात मारावा ते कळेना. इतके दिवस ते दोहोंतलं एक वाचवत बसले होते.

"पण सर, तुम्ही ही चालू केली कशी?"

"मला त्यानं विचारलं," कडुबा म्हणाले. "मी हो म्हणालो."

शिवम हसला. मग कडुबांनी लाजत लाजत एक विनंती केली. एकदा बंद करून पुन्हा चालू करून दाखव. शिवमनं बंद केली आणि तीन बटणं त्यांनाच दाबायला लावली. डावा ऑल्ट, डावा शिफ्ट, नम लॉक. कॉम्प्युटर गुणगुणला, चौकट उगवली. शिवमचा हात सवयीनं एंटरकडे गेला. कडुबांनी तो धरला.

"थांब. वाचू दे."

त्यांनी बोट पडद्यावर ठेवून ओळ न् ओळ वाचली. आकड्यांच्या बटणांनी बाण हलवायची सोय चालू करायची आहे का, एवढाच साधा प्रश्न होता. साहेबाचा आवाज त्यात कुठं नव्हता. खाली हो होतं आणि नाहीही होतं. त्यांनी दोन्ही वाचलं आणि मग एंटर दाबलं.

जाळी सागवानात कापली गेली. नईमनं ती ओसरीला बसवली आणि सरांना बोलावणं धाडलं. कडुबा दौलताबादचा घाट चढून खुलताबादला गेले. ओसरीत नईमची आई, हमीदाबी, जाळीला टेकून बसली होती. तिची बोटं एका चांदणीतून दुसरीत फिरत होती. सुनेनं चहा आणला. पित्ताचं सांगायचं कडुबांच्या तोंडावर आलं होतं, पण तोवर भरला कप हातात होता. तो बशीवर वाजायला लागला.

हमीदाबीची बोटं थांबली. तिनं कान तिकडे केला.

"मास्टर, हात कांपता ना तुम्हारा?"

"हो, अम्मा. बऱ्याच दिवसांपासून."

"फिर ये कैसी निकाली?"

कडुबांनी चहा बशीत ओतला, सांडला तेवढा सांडू दिला आणि बशी तोंडाला लावून संपवली. मग ते जाळीजवळ सरकले. तिचं बोट धरून त्यांनी एका चांदणीच्या बरोबर मधल्या भोकात ठेवलं.

"हा पाच," ते म्हणाले. मग बोट वरच्या टोकाला नेलं. "हा आठ. इकडं सहा. खाली दोन. हा कोपरा नवाचा, हा तिनाचा." त्यांचा हात थरथरत होता, त्यामुळे तिचंही बोट थरथरत होतं. तरी टोक एकही चुकलं नाही. तिनं ते सगळं पुन्हा एकदा स्वतः फिरून बघितलं, आकडे पुटपुटत. गल्लीतून कुणीतरी चपला घासत गेलं, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही.

"और सिफर?" तिनं विचारलं. "शून्य कहाँ है?"

शून्य जाळीत नव्हतं. ते सगळ्यांच्या खाली, चांदणीच्या बाहेर होतं. ते कसं सांगावं हे सुचेना, म्हणून त्यांनी आपला थरथरता हात तिच्या हातावर ठेवला आणि बोटं मिटली.

"शून्य म्हणजे असं पकडून ठेवायचं," ते म्हणाले. "आणि टिंब दाबलं की सोडायचं."

"तो टिंब अभी मत दबाव," हमीदाबी म्हणाली. "पहले वो तीन का कोना फिर से बताव."